जादूगार-हेराची प्रणयरहस्यकादंबरी : वशीकरणाकडून संमतीकडे

सारांश

अलौकिक शक्ती बाळगणारा गुप्तहेर, त्याच्यावर सोपवलेली कामगिरी आणि त्या कामगिरीत गुंतलेली प्रेमकथा अशी रचना असलेल्या कादंबऱ्या इंग्रजीत मोठ्या प्रमाणावर लिहिल्या व वाचल्या जातात. मराठीत हा प्रकार वेगळ्या नावाने रूढ झाला नसला, तरी त्याचे घटक भारतीय आणि मराठी कथापरंपरेत फार पूर्वीपासून आढळतात. प्रस्तुत लेखात या प्रकाराची घडण स्पष्ट करून 'अर्थशास्त्र', 'कथासरित्सागर', नाथकथा आणि चांगदेवाची आख्यायिका यांतील त्याची पूर्वरूपे तपासली आहेत. या प्रकाराचा खरा गाभा जादू किंवा हेरगिरी हा नसून, दुसऱ्याचे मन वळवण्याची शक्ती असलेल्या माणसाने ती प्रेमात वापरावी काय, हा प्रश्न आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे. पिंपरी-चिंचवड व चाकण या औद्योगिक पट्ट्यातील महाविद्यालयीन अध्यापनाच्या संदर्भात त्याचे महत्त्वही सांगितले आहे.

बीजसंज्ञा : लोकप्रिय कादंबरी, अलौकिक, गौप्य, वशीकरण, संमती, सिद्धी.

१. प्रस्तावना

लोकप्रिय साहित्य हा मराठी समीक्षेत दीर्घकाळ उपेक्षित राहिलेला विषय आहे. पाठ्यक्रमात हरिभाऊ आपटे, विभावरी शिरूरकर, भालचंद्र नेमाडे येतात. परंतु विद्यार्थी वर्गाबाहेर जे वाचतो त्याची नोंद क्वचितच घेतली जाते. भुताखेतांच्या, हेरांच्या आणि प्रेमाच्या कथा 'वेळ घालवण्याचे साधन' म्हणून बाजूला ठेवल्या जातात. त्यातही जादूगार, गुप्तहेर आणि प्रियकर हे तिघे एकाच नायकात एकत्र आले, की त्या कादंबरीविषयी गंभीरपणे बोलणे अनेकांना अप्रशस्त वाटते.

ही उपेक्षा दोन कारणांनी योग्य नाही. पहिले कारण वाङ्मयेतिहासाचे आहे. नेमाडे यांनी 'मराठी कादंबरी : प्रेरणा व स्वरूप' या लेखात मराठी कादंबरीच्या तीन प्रवृत्ती सांगितल्या. बाबा पदमनजींच्या 'यमुनापर्यटन' (१८५७) पासून निघालेली वास्तवाची, लक्ष्मणशास्त्री हळबे यांच्या 'मुक्तामाला' (१८६१) पासून निघालेली अद्भुतरम्यतेची आणि रामचंद्र भिकाजी गुंजीकर यांच्या 'मोचनगड' (१८७१) पासून निघालेली ऐतिहासिकतेची. यांपैकी दुसऱ्या प्रवृत्तीला वाचक भरपूर मिळाले आणि अभ्यासक थोडे मिळाले. जादूगार-हेराची कादंबरी याच दुसऱ्या प्रवृत्तीच्या घरातली आहे.

दुसरे कारण सामाजिक आहे. महाराष्ट्रात जादू हा केवळ कल्पनेचा विषय नाही. जादूटोण्याच्या नावाने होणाऱ्या फसवणुकीविरुद्ध येथे कायदा करावा लागला आहे. अशा प्रदेशात जादूगार-नायकाची प्रेमकथा तरुणांनी वाचावी काय आणि अध्यापकाने ती कशी हाताळावी, हा प्रश्न टाळता येण्याजोगा नाही.

२. प्रकाराची घडण

या प्रकारात तीन घटक असतात : अलौकिक, गौप्य आणि प्रणय. प्रत्येक घटक वाचकाच्या मनात एक स्वतंत्र प्रश्न निर्माण करतो. अलौकिक विचारते, हा माणूस काय करू शकतो? गौप्य विचारते, तो कोणासाठी आणि कशासाठी हे करतो? प्रणय विचारते, त्याच्यावर विश्वास ठेवावा काय? रहस्यकादंबरीत पहिल्या दोन प्रश्नांवर काम भागते. प्रणयकथेत तिसरा पुरेसा असतो. तिन्ही प्रश्न एकाच पात्राविषयी विचारले गेले, की हा प्रकार आकाराला येतो.

या तीन घटकांचे परस्परांशी सहज जमत नाही. शक्ती अमर्याद असेल, तर संकटच उरत नाही आणि उत्कंठा संपते. म्हणून अलौकिकाला मर्यादा घालावी लागते. मंत्राला वेळ लागतो, त्याची किंमत मोजावी लागते, तो विशिष्ट जागीच चालतो किंवा एकदाच चालतो. या मर्यादा वाचकाला आधी सांगितलेल्या असाव्या लागतात. शेवटच्या प्रकरणात नवीच शक्ती काढून नायकाला सोडवणारा लेखक वाचकाशी केलेला करार मोडतो.

गौप्य आणि प्रणय यांचा विरोध याहून तीव्र आहे. हेराच्या कामाला मौन लागते, प्रेमाला मात्र सांगणे लागते. म्हणून या कादंबऱ्यांचा मध्यबिंदू बहुधा लढाईचा किंवा पाठलागाचा प्रसंग नसतो. तो गौप्यस्फोटाचा प्रसंग असतो, म्हणजे नायक आपण कोण आहोत हे नायिकेला सांगतो किंवा ती स्वतः ते शोधून काढते. त्या प्रसंगानंतर मागील सर्व प्रसंगांचा अर्थ बदलतो. त्याने तिला वाचवले ते प्रेमापोटी की कामगिरीचा भाग म्हणून? तिला त्याच्याविषयी वाटलेली ओढ तिची स्वतःची होती, की त्याने घडवून आणलेली?

त्झ्वेतान तोदोरोव्ह यांनी १९७० मध्ये अद्भुत साहित्याचे विवेचन करताना वाचकाच्या संदेहाला मध्यवर्ती स्थान दिले. घडलेली घटना नैसर्गिक नियमांनी स्पष्ट करता येईल की अलौकिक मानावी लागेल, या द्विधेत वाचक थांबतो, तेथे खरे अद्भुत असते. जादूगार-हेराच्या कादंबरीत हा संदेह निसर्गनियमांकडून माणसाकडे सरकतो. जादू आहे की नाही, हे लवकरच ठरते. जादू असलेला माणूस विश्वासार्ह आहे की नाही, हे मात्र शेवटपर्यंत ठरत नाही. भरताने 'नाट्यशास्त्रा'त निर्वहण संधीत, म्हणजे कथानकाच्या समाप्तीच्या टप्प्यावर, अद्भुत रस असावा असे सांगितले आहे. येथे तो क्रम उलटतो. अद्भुत आरंभी येते आणि निर्वाह विश्वासाने होतो.

३. प्राचीन पूर्वरूपे : सिद्धव्यंजन हेर आणि यौगंधरायण

जादूगार आणि हेर यांची जोडी ही आधुनिक कल्पना आहे, असा समज असल्यास कौटिल्याच्या 'अर्थशास्त्रा'ने तो दूर होतो. १९०९ मध्ये शामशास्त्री यांनी प्रथम प्रकाशित केलेला हा ग्रंथ मराठी अभ्यासकांना परिचित आहे; कंगले यांची चिकित्सक आवृत्ती १९६० पासून उपलब्ध झाली. पहिल्या अधिकरणात हेरांचे प्रकार सांगताना सत्री या फिरत्या हेराने ज्या विद्या शिकाव्यात, त्यांत जंभकविद्या आणि मायागत यांचा समावेश आहे. म्हणजे इंद्रजाल हा हेराच्या प्रशिक्षणाचा भाग होता.

याहून मार्मिक भाग चौथ्या अधिकरणात येतो. समाजातील चोर आणि परस्त्रीगामी तरुण शोधून काढण्यासाठी सिद्धपुरुषाच्या वेशातील हेरांनी काय करावे, हे तेथे सांगितले आहे. अशा हेराने आपल्याजवळ दार उघडण्याचा, अदृश्य होण्याचा, पहारेकऱ्यांना झोपवण्याचा आणि स्त्रियांना वश करण्याचा मंत्र असल्याचे भासवावे. मग तरुणांना घेऊन आधी ठरवून ठेवलेल्या गावी जावे. तेथे दारे उघडतात, कारण आतली माणसे सामील असतात. पहारेकरी पाहत नाहीत, कारण त्यांना तसे सांगून ठेवलेले असते. परस्त्रियांच्या वेशातील स्त्रियाही संकेतानुसार वश झाल्याचे दाखवतात. मंत्रांवर विश्वास बसलेल्या तरुणांना पुढे खुणा केलेला माल असलेल्या घरांत चोरी करायला लावून पकडावे.

येथे जादू मुळीच नाही. आहे तो राज्यसंस्थेने रचलेला देखावा. परंतु कौटिल्याने दोन गोष्टी अचूक ओळखल्या आहेत. एक, शक्तीचा दावा करणाऱ्यावर माणूस तेव्हाच विश्वास ठेवतो, जेव्हा ती शक्ती त्याच्या स्वतःच्या इच्छेला पूरक असते. दोन, तरुणाला भुलवणाऱ्या आमिषांत धनाबरोबर वशीकरणाचे स्थान पक्के आहे. दुसऱ्या व्यक्तीची इच्छा न विचारता ती आपली व्हावी, ही वासना हेराला गळ म्हणून वापरता येते, इतकी ती सार्वत्रिक आहे.

'अर्थशास्त्रा'तील हेर जादूगार असल्याचे सोंग करतो. 'कथासरित्सागरा'तील हेराजवळ मात्र खरी विद्या आहे. अकराव्या शतकात काश्मीरमध्ये सोमदेवाने रचलेल्या या ग्रंथाचे मूळ गुणाढ्याच्या 'बृहत्कथे'त मानले जाते आणि गुणाढ्याची कथा सातवाहनांच्या दरबाराशी, म्हणजे गोदाकाठच्या प्रतिष्ठानाशी, जोडलेली आहे. त्यामुळे मराठी वाचकाला ही परंपरा परकी नाही. वत्सराज उदयनाला उज्जयिनीचा राजा चंडमहासेन कृत्रिम हत्तीच्या साहाय्याने पकडतो आणि आपली कन्या वासवदत्ता हिला वीणा शिकवण्यास लावतो. उदयनाचा मंत्री यौगंधरायण त्याला सोडवण्यासाठी उज्जयिनीत शिरतो. महाकालाच्या स्मशानात योगेश्वर नावाचा ब्रह्मराक्षस त्याला रूप पालटण्याची विद्या देतो. तो कुबडा, टकला, वेडगळ म्हातारा बनून नगरात फिरतो आणि राजाला गुप्तपणे भेटतो. जादूगार, गुप्तहेर, शत्रूची राजधानी, बंदिवास आणि प्रेमकथा हे सर्व साहित्य येथे एकत्र आले आहे. जादूगार-हेराच्या प्रणयरहस्यकादंबरीचे इतके पूर्ण पूर्वरूप अन्यत्र क्वचितच मिळेल.

परंतु एक तपशील आजच्या वाचकाला थांबवतो. यौगंधरायण राजाला बेड्या तोडण्याचे मंत्र देतो, आणि त्याबरोबर वासवदत्तेचे मन जिंकण्याचे, वीणेच्या तारांशी जोडायचे प्रयोगही देतो. सोमदेवाला यात काही खटकत नाही. बेडी तोडणे आणि मन जिंकणे ही त्याच्या दृष्टीने एकाच सुटकेची दोन अंगे आहेत. पुढे वासवदत्ता पित्याचे घर सोडून उदयनाबरोबर हत्तिणीवरून पळून जाते, तेव्हा ती स्वेच्छेने निघाली की वीणेच्या तारांनी तिला नेले, हा प्रश्न कथेत उपस्थितच होत नाही. आधुनिक जादूगार-हेराची कादंबरी जेथून सुरू होते, ती जागा नेमकी हीच आहे.

४. मराठी परंपरा : सिद्धी आणि संसार

मध्ययुगीन मराठी परंपरेत जादूगाराचे स्थान सिद्धाने घेतले. धुंडिसुत मालू यांच्या 'नवनाथ भक्तिसार' (शके १७४१, म्हणजे १८१९) या चाळीस अध्यायांच्या ग्रंथाचे पारायण आजही अनेक घरांत होते. त्यातील मच्छिंद्रनाथांच्या स्त्रीराज्यातील वास्तव्याची कथा आपल्या विषयाच्या अगदी जवळची आहे. गुरू स्त्रीराज्यात राणीच्या सहवासात संसारात रमले आहेत. पुरुषाला तेथे प्रवेश नाही. शिष्य गोरक्षनाथ नर्तकीच्या ताफ्यात स्त्रीवेशाने, मृदंगवादक म्हणून शिरतो आणि मृदंगाच्या बोलांतून गुरूला आपण आल्याचा संकेत देतो. वेशांतर, परक्या राज्यात प्रवेश, सांकेतिक संदेश आणि सुटका ही सर्व हेरकथेची सामग्री आहे.

मात्र येथे प्रेमाचे स्थान उलटे झाले आहे. यौगंधरायणाच्या कथेत प्रेम हे सुटकेचे साधन होते. गोरक्षाच्या कथेत प्रेमापासूनच सुटका करायची आहे. सिद्धी आणि संसार एकत्र नांदू शकत नाहीत, हे या कथेचे गृहीतक आहे. राणीचे काय होते, तिला काय हवे, यावर कथेचा निर्णय अवलंबून नाही. तो गुरू आणि शिष्य यांच्यात होतो.

याच परंपरेतील दुसरी आख्यायिका औद्योगिक पट्ट्याच्या अगदी मध्यावर, आळंदीला घडते. चिंचवड आणि चाकण यांच्या दरम्यान, इंद्रायणीकाठी असलेल्या या गावी योगी चांगदेव वाघावर बसून, हाती सापाचा चाबूक घेऊन आला आणि ज्ञानेश्वरादी भावंडे बसलेली भिंतच त्याला सामोरी गेली, ही कथा प्रत्येक मराठी वाचकाला ठाऊक आहे. त्याआधी चांगदेवाने पाठवलेले पत्र कोरे होते. वडील म्हणून आशीर्वाद लिहावा की ज्ञानी म्हणून नमस्कार लिहावा, हे त्याला ठरवता आले नव्हते. त्या कोऱ्या पत्राचे उत्तर म्हणून 'चांगदेव पासष्टी' रचली गेली आणि चांगदेवाने पुढे मुक्ताबाईचे शिष्यत्व पत्करले.

ही प्रेमकथा अर्थातच नाही. परंतु तिच्यात असलेला शक्तीचा विचार आपल्या विषयासाठी मोलाचा आहे. प्रदीर्घ साधनेने सिद्धी मिळवलेला योगी एका लहान मुलीपुढे नमतो, कारण शक्ती दाखवणे आणि सत्य सांगणे या भिन्न गोष्टी आहेत, हे तिला कळलेले असते. वाघावरची मिरवणूक हा प्रभाव पाडण्याचा प्रयत्न आहे. कोरे पत्र हा त्याहून प्रामाणिक क्षण आहे, कारण त्यात न कळल्याची कबुली आहे. ज्याच्याजवळ शक्ती आहे, त्याने आधी निःशस्त्र होऊन समोर यावे, हा धडा मराठी परंपरेने कादंबरीच्या फार आधी घालून दिला.

५. आधुनिक मराठी कादंबरी : तीन घरांत वाटणी

विसाव्या शतकातील मराठी लोकप्रिय कादंबरीत अलौकिक, गौप्य आणि प्रणय हे घटक बहुतांशी तीन वेगळ्या घरांत राहिले. हजाराहून अधिक पुस्तके लिहिणाऱ्या बाबुराव अर्नाळकरांनी झुंजार, काळा पहाड आणि धनंजय-छोटू यांच्याद्वारे गुप्तहेरकथा घरोघरी पोहोचवली. तिचा कल बुद्धीने उलगडा करण्याकडे होता. भूत वाटले तरी त्यामागे माणूस निघावा, ही वाचकाची अपेक्षा होती. गुरुनाथ नाईक यांच्या कॅप्टन दीपने लष्करी हेरगिरीचे क्षेत्र उघडले. सुहास शिरवळकर (१९४८–२००३) यांनी दारा बुलंद, मंदार पटवर्धन, फिरोज इराणी आणि बॅरिस्टर अमर विश्वास या नायकांना तरुणाईची भाषा दिली. त्यांची 'दुनियादारी' (१९८२) ही प्रेमकथा मात्र या रहस्यमालिकांबाहेर, स्वतंत्रपणे उभी राहिली.

अलौकिकाचे घर नारायण धारपांचे (१९२५–२००८). त्यांचे समर्थ हे पात्र जादूगार-हेराच्या सर्वांत जवळ येते. पीडित माणसाची हाक येते, समर्थ सहकाऱ्यांसह जातात, दुष्ट शक्तीचा माग काढतात, तिचे स्वरूप ओळखतात आणि तिला निष्प्रभ करतात. हाक, माग, ओळख आणि प्रतिकार या क्रमात एखाद्या कामगिरीची शिस्त आहे. परंतु समर्थ स्वतः प्रणयाचे नायक नाहीत. प्रेम, विवाह, कुटुंब हे ज्यांना वाचवायचे त्यांच्या वाट्याला येते.

प्रणयाचे घर चंद्रकांत काकोडकरांसारख्या लेखकांचे होते आणि त्यावर समाजाची करडी नजर होती. 'रंभा'च्या १९६२ च्या दिवाळी अंकातील त्यांच्या 'श्यामा' या कथेवर अश्लीलतेचा खटला झाला आणि १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवले.

ही वाटणी का झाली असावी? गोरक्षाच्या कथेतील गृहीतक येथे काम करते असे दिसते. मराठी मनात अलौकिक शक्ती वैराग्याशी जोडलेली आहे. शक्ती असलेला माणूस प्रेमात पडला, तर त्याची शक्ती क्षीण होते, किंवा तो भोंदू ठरतो. तिसरा पर्याय, म्हणजे शक्ती आणि प्रेम दोन्ही राखून नैतिक राहणारा नायक, या कल्पनाविश्वाला फारसा सुचला नाही. शेजारच्या हिंदीत देवकीनंदन खत्री यांच्या 'चंद्रकांता' (१८८८) मध्ये वेशांतरात पारंगत अय्यार आणि तिलिस्म यांच्याभोवती प्रेमकथा गुंफलेली आहे, पण तेथेही प्रियकर राजपुत्र वेगळा आणि त्याचा अय्यार वेगळा. उदयन आणि यौगंधरायण यांचीच विभागणी तेथे पुन्हा दिसते.

६. इंग्रजी कादंबरीतील वळण

प्रियकर आणि जादूगार-हेर यांना एकाच देहात आणण्याचे काम इंग्रजी लोकप्रिय कादंबरीने टप्प्याटप्प्याने केले. डेनिस व्हीटली यांच्या 'द डेव्हिल राइड्स आउट' (१९३४) या कादंबरीत मोकाटा हा कृष्णविद्येचा उपासक इतरांच्या मनावर ताबा मिळवतो. टॅनिथ ही तरुणी त्याच्या प्रभावाखाली आहे आणि तिच्यावर प्रेम करणारा रेक्स तिला त्यातून सोडवू पाहतो. वशीकरणाची विद्या येथे नायकाच्या हातून खलनायकाच्या हाती गेली आहे. सोमदेवापासून व्हीटलींपर्यंत झालेला हा मोठा पालट आहे. व्हीटलींनी पुढे 'दे यूज्ड डार्क फोर्सेस' (१९६४) मध्ये ग्रेगरी सॅलस्ट या आपल्या गुप्तहेर नायकालाच दुसऱ्या महायुद्धाच्या पार्श्वभूमीवर गूढविद्येच्या संपर्कात आणले.

जिम बुचर यांच्या 'स्टॉर्म फ्रंट' (२०००) पासून सुरू झालेल्या मालिकेत शिकागोतील जादूगार हॅरी ड्रेस्डेन गुप्त तपासनीस म्हणून काम करतो. या मालिकेतील जादूगारांवर सात नियम बंधनकारक आहेत. त्यांपैकी एक दुसऱ्याच्या मनात शिरण्यास आणि दुसरा त्याला वश करण्यास मनाई करतो. नियम मोडणाऱ्याला देहदंड होऊ शकतो. म्हणजे वशीकरण हे केवळ अशोभनीय न राहता जादूच्या राज्यातील फौजदारी गुन्हा ठरते. चार्ल्स स्ट्रॉस यांनी 'द अॅट्रॉसिटी आर्काइव्ज' (२००४) मध्ये गूढशक्तींचा बंदोबस्त करणारे ब्रिटिश सरकारचे एक गुप्त खातेच कल्पिले आणि जादूगार-हेराला फायली, वरिष्ठ आणि कार्यालयीन नियम दिले.

जे. के. रोलिंग यांच्या 'हॅरी पॉटर अँड द हाफ-ब्लड प्रिन्स' (२००५) मध्ये हाच विचार सर्वांत स्पष्टपणे येतो. मेरोपी ही दुर्लक्षित मुलगी टॉम रिडल या तरुणाला वश करून त्याच्याशी लग्न करते. प्रेमाचा काढा तिने वापरला असावा, असे तर्काने सांगितले जाते. तो अंमल सुटताच तो तिला सोडून जातो. त्यांचा मुलगा पुढे या मालिकेचा खलनायक होतो. काढ्याने आसक्ती निर्माण होते, प्रेम होत नाही, हे लेखिका निःसंदिग्धपणे सांगते. मेरोपीविषयी करुणा वाटते. तरीही तिने केले ते अन्यायाचे होते, हे कथा लपवत नाही.

या प्रकारातील सर्वच कादंबऱ्या ही कसोटी पाळतात असे मात्र नाही. अनेक अलौकिक प्रेमकथांत 'नियतीने ठरवलेला जोडीदार' अशी कल्पना वापरली जाते. नायक-नायिकेला एकमेकांची ओढ वाटते, कारण त्यांचा तसा अलौकिक बंधच आहे. नकाराला तेथे जागा उरत नाही. हे वशीकरणाचेच सोज्वळ रूप आहे. मंत्र म्हणणारा माणूस तेवढा दिसत नाही. म्हणून या प्रकारातील चांगली आणि सामान्य कादंबरी ओळखण्याची सोपी खूण अशी सांगता येईल : नायिकेला 'नाही' म्हणता येते काय, आणि तिने तसे म्हटल्यावर शक्तिमान नायक थांबतो काय?

७. औद्योगिक पट्ट्यातील वाचक आणि जादूचा प्रश्न

पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्स सुरू झाल्यापासून या परिसराचे औद्योगिक रूप घडत गेले. १९८२ मध्ये पिंपरी-चिंचवड महानगरपालिका झाली आणि पुढील दशकांत चाकणच्या माळरानावर वाहन उद्योगाचे मोठे कारखाने उभे राहिले. मराठवाडा, विदर्भ, खानदेश आणि इतर राज्यांतून आलेली कुटुंबे येथे स्थायिक झाली. येथील महाविद्यालयांत बसणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी अनेक जण पाळीत काम करून शिकतात, भाड्याच्या खोलीत चार-पाच जण मिळून राहतात आणि घरापासून दूर, वडीलधाऱ्यांच्या नजरेबाहेर प्रथमच स्वतःचे निर्णय घेतात.

या वाचकाला जादूगार-हेराच्या कादंबरीतील गौप्य परके वाटत नाही. अनेक कारखान्यांत कॅमेऱ्याचा मोबाइल आत नेता येत नाही, आत काय बनते ते बाहेर बोलता येत नाही. ओळखपत्रावरची ओळख आणि खोलीवरची ओळख निराळी असते. गावाकडे सांगितलेली नोकरी आणि प्रत्यक्षातली कंत्राटी नोकरी यांतही अंतर असू शकते. जवळच्या माणसाला किती सांगावे, हा त्याचा रोजचा प्रश्न आहे.

त्याला अलौकिकही परके नाही, आणि येथेच अध्यापकाने सावध राहिले पाहिजे. उपनगरी गाड्यांच्या डब्यांत, बसथांब्यांवर आणि विजेच्या खांबांवर प्रेमविवाहातील अडथळे दूर करण्याची, हवी ती व्यक्ती वश करून देण्याची हमी देणाऱ्या जाहिराती चिकटवलेल्या असतात. कौटिल्याच्या सिद्धव्यंजन हेराने दाखवलेले आमिष आजही तेच आहे. फरक इतकाच, की तो हेर राज्यासाठी काम करी आणि हा भोंदू स्वतःच्या खिशासाठी करतो.

डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. त्यानंतर त्याच महिन्यात राज्य शासनाने अध्यादेश काढला आणि डिसेंबर २०१३ मध्ये विधिमंडळाने जादूटोणाविरोधी अधिनियम संमत केला. सहा महिने ते सात वर्षे कारावासाची तरतूद असलेल्या या कायद्याच्या अनुसूचीतील एक बाब आपल्या विषयाशी थेट संबंधित आहे. आपल्या अंगी अलौकिक शक्ती असल्याचे भासवून किंवा भक्त पूर्वजन्मी आपली पत्नी, पती अथवा प्रेयसी-प्रियकर होता असे सांगून लैंगिक संबंध ठेवणे हा तिच्यानुसार गुन्हा आहे. 'नियतीने ठरवलेला जोडीदार' ही कल्पना कादंबरीतून आयुष्यात आली, तर तिचे काय होते, ते या एका बाबीतून कळते.

मग जादूगार-नायकाची कादंबरी वैज्ञानिक दृष्टिकोनाच्या विरोधी मानावी काय? तसे सरसकट म्हणता येत नाही. भोंदूची जादू आणि कादंबरीची जादू यांत मूलभूत फरक आहे. कादंबरी आपण कल्पित असल्याचे मुखपृष्ठावरच मान्य करते. भोंदू ते नाकारतो. चांगली कादंबरी शक्तीचे नियम आणि मर्यादा आधी सांगते. भोंदूचे नियम प्रत्येक अपयशानंतर बदलतात. कादंबरीतील नायिका नायकाची परीक्षा घेते, पुरावे जुळवते, त्याच्या बोलण्यातील विसंगती पकडते. भोंदूकडे जाणाऱ्याला प्रश्न विचारण्याचीच बंदी असते. शक्तीचा दावा करणाऱ्या माणसाकडे संशयाने पाहावे आणि प्रेमातसुद्धा पडताळा घ्यावा, ही सवय हा प्रकार वाचकाला लावू शकतो. मात्र ती सवय आपोआप लागत नाही. वर्गात त्याविषयी बोलावे लागते.

त्यासाठी अध्यापकाला चार प्रश्न उपयोगी पडतील. कथेतील शक्तीच्या मर्यादा कोणत्या व त्या केव्हा सांगितल्या? नायकाने कोणती माहिती दडवली आणि ती दडवल्याने कोणाचा लाभ झाला? नायिकेचा होकार तिला सर्व माहिती मिळण्यापूर्वीचा आहे की नंतरचा? आणि खलनायकाची शक्ती नायकाच्या शक्तीहून वेगळी आहे, की केवळ वापर वेगळा आहे? हे प्रश्न वासवदत्तेच्या कथेला, धारपांच्या कादंबरीला आणि अनुवादित इंग्रजी कादंबरीला सारखेच लावता येतात. त्यामुळे अभिजात आणि लोकप्रिय यांच्यातील भिंतही थोडी सरकते.

८. निष्कर्ष

१) जादूगार-हेराची प्रणयरहस्यकादंबरी हा प्रकार आयात केलेला नवा नमुना नाही. 'अर्थशास्त्रा'तील सिद्धव्यंजन हेर, 'कथासरित्सागरा'तील यौगंधरायण आणि नाथकथेतील गोरक्ष ही त्याची पूर्वरूपे आहेत.

२) आधुनिक मराठी लोकप्रिय कादंबरीत अलौकिक, गौप्य आणि प्रणय यांची वाटणी झाली. सिद्धी आणि संसार यांच्यातील पारंपरिक विरोध हे तिचे एक संभाव्य कारण आहे.

३) या प्रकाराच्या वाटचालीतील निर्णायक बदल वशीकरणाच्या स्थानात झाला. सोमदेवाच्या कथेत ते नायकाचे साधन आहे, व्हीटलींच्या कादंबरीत खलनायकाचे शस्त्र आहे, बुचर यांच्या मालिकेत गुन्हा आहे आणि रोलिंग यांच्या कादंबरीत शोकांतिकेचे बीज आहे.

४) कादंबरीचा दर्जा ठरवताना जादूचे प्रमाण हा निकष नसावा. शक्तिमान पात्र शक्ती बाजूला ठेवून सत्य सांगते काय आणि समोरच्या व्यक्तीच्या नकाराला जागा ठेवते काय, हा निकष अधिक उपयुक्त आहे.

५) वशीकरणाच्या जाहिराती ज्यांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर रोज असतात, त्या विद्यार्थ्यांसाठी या कादंबऱ्यांची वर्गातील चर्चा ही वाङ्मयीन शिस्तीइतकीच सामाजिक गरज आहे. वाघावर बसून आलेल्या योग्याला आळंदीत जो प्रश्न भेटला, तोच या प्रकारातील प्रत्येक नायकाला भेटतो. तो तेथे उतरतो की नाही, हे तपासण्याची दृष्टी विद्यार्थ्याला देणे हे भाषा-साहित्याच्या अध्यापकाचे काम आहे.